लोणच्याचा चमचा आणि वर्षातली सर्वोत्तम तबकडी

चहा घ्या आधी. सांगतो ना, पळून जात नाही मी कुठे! पण हा किस्सा सांगायचा म्हणजे मला पहिल्या वाक्यालाच दम लागतो. मूर्खपणा सगळेच करतात हो. पण एकाच दुपारी, एकाच चमच्याने, घर, चाळ आणि होणारी सासुरवाडी अशा तिन्ही ठिकाणी आपलं हसं करून घेणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. बघून घ्या. तुमच्यासमोरच बसलाय.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. म्हणजे रोज काहीतरी. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा सभा. ट्राम बंद म्हणून फोर्टातल्या ऑफिसातून गिरगावातल्या फणसवाडीपर्यंत चालत यायचं, तीन जिने चढायचे, आणि वर पोचावं तर गॅलरीत चाळ-समितीची बैठक आपली वाट बघत बसलेली! त्या समितीचा चिटणीस कोण? मी. का? तर माझं अक्षर चांगलं. चांगल्या अक्षराइतका माणसाचा शत्रू नाही बघा. फलक मी लिहायचे, ठराव मी लिहायचे, मोर्च्याच्या पाट्या मी रंगवायच्या. मुंबई महाराष्ट्रात यायलाच हवी होती, त्याबद्दल वाद नाही. पण ती येईपर्यंत माझा उजवा हात खांद्यातून निखळतो की काय, अशी मला भीती वाटायला लागली होती.

या दगदगीत माझी एकच चैन होती. रॉक अँड रोल!

हसू नका. सव्वीस वर्षांचा होतो मी तेव्हा. वडिलांच्या मागे आमच्या खोलीत मी, आई आणि त्यांची चावीची ग्रामोफोन पेटी, एवढेच उरलो होतो. ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलावर फर्नांडिस नावाचा मित्र बसायचा, त्याचा मावसभाऊ बोटीवर होता. तो बंदराबंदरांतून तबकड्या आणायचा आणि फर्नांडिस त्यातल्या काही मला द्यायचा. त्यांच्यावरची अमेरिकन माणसं अशी काही ओरडायची, की दिवसभर पत्रांच्या नकला करून आखडलेली मान आपोआप सुटायची. शब्द? एकही कळत नसे. कळायची गरजच काय?

आमच्या दोघांचा एक नेम होता. दर डिसेंबरात वर्षातल्या सर्वोत्तम पाच रॉक तबकड्या निवडायच्या. दोघांकडे पुठ्ठ्याचा एकेक अल्बम होता. जाड वहीसारखा, आत तबकड्या ठेवायला पाच खिसे. त्या पाच खिशांत वर्षाच्या सर्वोत्तम पाच लावायच्या, क्रमवार. मग वर्षाच्या शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना याद्या द्यायच्या, प्रत्येक तबकडीपुढे आपला अभिप्राय लिहून. आणि पुढचा महिनाभर त्यावरून भांडायचं! ऑफिसच्या कामात मी कधी एवढा जीव ओतला नाही.

आणि हो, मुख्य गोष्ट राहिलीच. माझं लग्न ठरलं होतं. मुलगी नायगावची, कमल. म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायची. आमची भेट झाली होती उणीपुरी तीनदा, तीही चार माणसांत. पण मला ती फार आवडली होती, सरळ सांगतो. तिचे वडील, त्यांना सगळे भाऊ म्हणत, गिरणीत होते आणि नायगावच्या भजनी मंडळाचे बुवा होते. बघायच्या कार्यक्रमात त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "संगीताची आवड आसा काय तुमका?" मी म्हटलं, "फार." कसल्या संगीताची, ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. लग्न माघात होतं.

तर त्या वर्षी अल्बमचे चार खिसे भरले होते. पाचव्यासाठी फर्नांडिसने एक नवीकोरी तबकडी आणली. "ये ले, मॅन. ऐकलीस ना, तर बाकीच्या चार समुद्रात टाकशील."

मी ती छातीशी धरून घरी आलो, तर जिन्यातच कळलं, अप्पा गेले.

अप्पा म्हणजे आमच्या समोरच्या खोलीतले. ऐंशीच्या घरातले, निवृत्त हेडक्लार्क. "मुंबई महाराष्ट्रात आल्याशिवाय मी हलत नाही," असं त्यांनी अख्ख्या चाळीला बजावून ठेवलं होतं. आणि साध्या खोकल्याने गेले. मला लहानपणी गणित त्यांनीच शिकवलेलं. वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं. मागे त्यांची बायको, माई. एवढीशी बाई, भिंतीला टेकून बसली होती, रडतही नव्हती.

संध्याकाळी समिती बसली. तेरा दिवस चाळीत रेडिओ बंद, ग्रामोफोन बंद, भजन-पोथी तेवढी चालेल, असा ठराव झाला. मांडला कुणी? मीच! भावनेच्या भरात! फलकही मीच लिहिला, काळी चौकट आखून, वळणदार अक्षरात. खाली सही, चिटणीस.

इतक्यावर थांबलो असतो तर आज ताठ मानेने बसलो असतो. पण नाही. चौथ्या दिवशी आमच्या रांगेतले नेने रेडिओला कान चिकटवून, अगदी बारीक आवाजात बातम्या ऐकत होते. मुंबईचं दिल्लीत काय ठरतंय, याची काळजी हो बिचाऱ्यांना. मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"नेने, अप्पांची चिता अजून विझली नाही."

"अहो, बातम्या आहेत."

"आज बातम्या, उद्या गाणी! संयम म्हणून काही असतो की नाही?"

नेन्यांनी मुकाट्याने रेडिओवर टॉवेल टाकला. गॅलरीतली माणसं माझ्याकडे आदराने बघायला लागली. तो आदर मला पुढे फार जड गेला.

नववा दिवस उजाडला. वर्ष संपायला दोन दिवस, पाचवा खिसा रिकामा, तबकडी फळीवर पडून. तुम्ही म्हणाल, चारच तबकड्यांची यादी दिली असतीस तर काय बिघडलं असतं? तुम्हाला कसला छंद नाही, म्हणून असं विचारता.

फर्नांडिसने मला एकदा सांगितलं होतं, की बहिरा माणूससुद्धा तबकडी ऐकू शकतो. दातांनी! लाकडाच्या काडीला ग्रामोफोनची सुई ठोकायची, काडी दातांत घट्ट धरायची आणि सुई फिरत्या तबकडीवर टेकवायची. बाहेर आवाज जवळजवळ नाहीच, दातांतून थेट कवटीत. मी घरभर लाकूड शोधलं. पेन्सिल आखूड पडली. लाटणं तोंडात मावेना. शेवटी हाताला लागला लोणच्याच्या बरणीतला लाकडी चमचा. लांब दांड्याचा, भक्कम. दांड्याच्या टोकाला सुई ठोकली आणि वाटीकडची बाजू दातांसाठी ठेवली.

दुपारी आई माईंच्या खोलीत पोथी ऐकायला गेली. दार लावायची सोय नव्हती. आमच्या चाळीत भर दुपारी दार लावलं की लोक काळजीने ठोठावायचे. म्हणून पेटी पलंगाखाली सरकवली आणि मी जमिनीवर पालथा झालो, डोकं-खांदे पलंगाखाली, पाय बाहेर, वरून लोंबती चादर. चाळीचा गलबला नको म्हणून दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातले. अंधारातच तबकडी पाकिटातून चाचपून काढली, पेटीवर चढवली, चावी दिली, चमचा दातांत धरला आणि सुई टेकवली.

अहाहा!

शब्द नाहीत, सूरही धड नाहीत. गायक कुठेतरी विहिरीच्या तळाशी उभा. पण ठेका! दाढांतून घुसला तो सरळ टाळूत. मागे काहीतरी खणखण वाजतंय, आणि लय चढत चालली आहे. चढली, आणखी चढली, आता संपेल म्हणतोय तर दुप्पट झाली! माझा उजवा पाय हलायला लागला. मग डावा. चमच्यामुळे मान हलवता येईना, त्यामुळे सगळा जोर पायांत. लोणच्याच्या खाराने तोंडाला पाणी सुटलं, आणि गिळायला जावं तर चमचा निसटतो. म्हणून ते हनुवटीवरून वाहू दिलं. नऊ दिवसांचा शीण, वर्षभराचे मोर्चे, सगळं त्या पायांतून बाहेर पडत होतं.

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या काशीताई वाटी घेऊन विरजण मागायला आल्या.

आता त्यांच्या बाजूने बघा जरा. त्यांना काय दिसलं? पलंगाखालून दोन पाय बाहेर आलेत आणि ते जमिनीवर ताडताड आपटताहेत! त्यांनी मला हाका मारल्या म्हणे. मला कुठल्या ऐकू येणार? मग त्यांनी वाटी टाकली, माझे दोन्ही घोटे धरले आणि एका दमात मला बाहेर ओढलं. ओढताना माझा हात लागून पेटीचं झाकण खाड्कन बंद झालं. मी बाहेर आलो तो असा: डोळे पांढरे, दातखीळ बसलेली, दातांत लाकडी चमचा, हनुवटीवर तांबडा फेस आणि कानांत कापूस.

"फिट आलीय, फिट!" काशीताईंनी चाळ डोक्यावर घेतली. "धावा गं कुणीतरी! आणि कानांत कापूस कुणी घातला मेल्यांनी? जिवंत आहे अजून तो!"

दोन मिनिटांत खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. कुणी हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबला. नेन्यांनी आपली वहाण माझ्या नाकाला लावली. दाबून लावली. त्यात चौथ्या दिवसाचा राग किती होता, ते नेन्यांनाच ठाऊक.

"चमचा कुणी दिला दातांत?"

"कुणी का दिला असेना, जीभ वाचली पोराची!"

मी शुद्धीवरच होतो हो. चमचा काढून "काही नाही, मी रॉक अँड रोल ऐकत होतो," एवढं म्हणायचा अवकाश होता. तोंड उघडणार, तेवढ्यात आईच्या मागे, दारात, माई दिसल्या. नऊ दिवसांत पहिल्यांदाच त्या खोलीबाहेर आल्या होत्या.

"काय झालं रे बाळा तुला?" एवढंच म्हणाल्या.

काय सांगू मी त्या बाईला? मी डोळे मिटले आणि उजवा पाय आणखी एकदा झटकला. माझ्या आयुष्यातला पहिला आणि शेवटचा अभिनय. दुर्दैवाने उत्तम झाला.

डॉक्टर आले, डोळ्यांत टॉर्च मारला, लाल औषध दिलं आणि म्हणाले, "मेंदूला विश्रांती हवी. आवाज अजिबात नको." झालं! आईने ग्रामोफोनची पेटी जुन्या लुगड्यात गच्च बांधून कपाटावर चढवली. आतल्या तबकडीसकट.

फिट का आली, हे चाळीने परस्परच ठरवून टाकलं. अप्पांच्या दुःखाने! माई तर सगळ्यांना सांगायच्या, "सगळं आतल्या आत कोंडलं पोराने." रोज सकाळी स्वतःच्या वाटणीचं दूध मला पाठवायच्या. ते घशाखाली उतरवताना मला काय वाटायचं, ते विचारू नका.

समितीने चिटणीसपद माझ्याकडून काढून नेन्यांना दिलं. तेवढंच एक बरं झालं. बाकी माझी पार दशा झाली. मला गॅलरीच्या कठड्याजवळ उभं राहू देईनात, स्टोव्हजवळ जाऊ देईनात. संडासला जायचं तरी नेने बरोबर! बाहेर उभे राहून म्हणायचे, "वसंतराव, आवाज देत राहा हं!" आता आत बसलेल्या माणसाने आवाज तरी कसला द्यायचा? मी आपला दर अर्ध्या मिनिटाने आतून म्हणायचो, "झालाच पाहिजे!" बाहेरून नेने समाधानाने म्हणायचे, "झालाच पाहिजे!"

आणि तो चमचा! आईने तो धुऊन-पुसून माझ्या शर्टाच्या खिशात ठेवला. "पुन्हा आली तर पटकन दातांत धर." टोकाची सुई तिच्या नजरेला कुठली दिसायला? झोपायची वेळ सोडली तर चमचा सदैव माझ्या छातीशी. पेनच्या शेजारी.

तशा अवस्थेत मी ऑफिसला गेलो आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी फर्नांडिसला यादी दिली. जुन्या चारही तबकड्या एकेक घर खाली सरकवून नव्या तबकडीला मी पहिला खिसा दिला होता. चमच्याने का होईना, ऐकली होती ना! पुढे अभिप्राय लिहिला, माझ्या त्या नामांकित अक्षरात: ‘असा ठेका फक्त अमेरिकेत वाजू शकतो. तो रक्तात असावा लागतो. आपल्या लोकांना शंभर वर्षांत जमायचा नाही.’

फर्नांडिस वाचून खूश. "बोललो नव्हतो मी?" म्हणाला आणि यादी जपून ठेवली.

इकडे बातमी नायगावला पोचली. काशीताईंची बहीण तिथेच राहायची. गिरगावातून निघाली तेव्हा एकच फिट होती, नायगावात उतरेपर्यंत तीन झाल्या होत्या. आणि एक त्यातली चालत्या ट्राममध्ये! तेरावा झाला आणि भाऊंची चिठ्ठी आली: ‘रविवारी कमलला घेऊन येतो. समक्ष बोलू.’

आईने चिठ्ठी वाचली आणि ताटावरून उठली. मुलगी स्वतः येते म्हणजे लग्न मोडायलाच येते, हे तिचं ठाम मत. मला रडू येत होतं, खरं सांगतो. तीनदाच भेटलेली मुलगी, पण ती जाणार म्हटल्यावर मला पुढचं सगळं आयुष्य पाट्या रंगवण्यातच जाताना दिसायला लागलं.

रविवारी सकाळी भाऊ आले. मिशा पिळलेल्या, टोपी कडक. मागे कमल. आई दाराशी उभी, गॅलरीत चाळ उभी, आणि माईसुद्धा आपल्या उंबऱ्यात येऊन बसलेल्या.

भाऊंनी पाण्याचा पेला बाजूला ठेवला. "ह्यां बघा. आजार कोणाक चुकलेलो नाय. पण लपवलेलां माका चालाचां नाय. तुमका फिट येता काय? होय की नाय, तेवढांच सांगा."

होय म्हणावं तर लग्न मोडतंय. नाही म्हणावं, तर मग ते पाय आपटणं काय होतं? समोरच माई बसलेल्या. मी म्हटलं, "तशी... म्हणजे... एकदाच."

"मी विचारू का जरा?" कमल म्हणाली. मास्तरीणच ती. रोज वर्गात कुणाचं तरी पोट दुखतंय, कुणाची तरी पाटी हरवलीय. खरं-खोटं ओळखण्यात तिचा जन्म गेलेला. तिने माझ्याकडे बघितलंच नाही, काशीताईंना विचारलं, "मावशी, कानांत कापूस नंतर घातला का?"

"छे गं बाई! मी ओढला तेव्हा होताच."

"आणि दातांत चमचा?"

"तोपण होताच की."

"म्हणजे कानांत कापूस घालून, दातांत चमचा धरून, हे पलंगाखाली जाऊन फिट यायची वाट बघत पडले होते?"

गॅलरीत कुणी तरी खोकलं.

"चमचा बघू."

मी खिशातून काढून दिला. काय करणार? तिने तो उजेडात धरला, टोकावरून बोट फिरवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "ही ग्रामोफोनची सुई आहे. आमच्याकडे डबीभर आहेत."

मी दमलो होतो हो. आजारी असण्यापेक्षा आजारी असल्याचं सोंग फार वाईट. आजाऱ्याला निदान झोप तरी लागते. मी तिथेच खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. अल्बम, पाचवा खिसा, पलंग, चमचा. शेवटी माईंकडे वळलो. "माई, चुकलो. तुमच्या दुःखात मी चोरून विलायती धांगडधिंगा ऐकत होतो. दूधसुद्धा प्यायलो तुमचं."

नेने बोलले. "आज बातम्या, उद्या गाणी. काय हो, चिटणीस?"

बरोबरच होतं त्यांचं.

भाऊ मात्र मिशीवर हात फिरवत विचारात पडले होते. "आता एक करा. लावा ती तबकडी. कशापायी येवढां केल्यात, तां आमीपण आयकतव."

नेन्यांनी उत्साहाने पेटी खाली उतरवली. माझी फजिती उभ्या चाळीला ऐकवायला मिळणार, म्हणजे त्यांचा सणच. मी लुगडं सोडलं, झाकण उघडलं, चावी दिली. तबकडीवरच्या लेबलाकडे बघायचं सुचतंय कुणाला? माझं सगळं लक्ष भाऊंच्या मिशांकडे. मनात म्हटलं, चला, एवढी एक तबकडी आणि मग नायगाव संपलं. सुई टेकवली.

पेटीतून मृदंग वाजला.

मग झांजा. खणखण, खणखण. आणि मग कुणा म्हाताऱ्या बुवाचा खडा आवाज, "विठ्ठल! विठ्ठल!" लय चढली, आणखी चढली, दुप्पट झाली. हाच! हाच तो ठेका! एक क्षण तर माझ्या मनात असंही येऊन गेलं, की हा अमेरिकन विठ्ठलाचं नाव कुठे शिकला असेल?

"अगोबाई!" आईने कपाळावर हात मारला. "ही तर माईंची तबकडी! अप्पांची आवडती. तेराव्याला लावा म्हणून माईंनी दिली होती. उघडीच होती, म्हणून मी तुझ्या त्या नव्या पाकिटात घालून ठेवली. तुझ्या फिटच्या धावपळीत विसरूनच गेले बघ."

"मग त्या पाकिटातली माझी?"

"ती होय? दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवलीय. अगदी नीट बसते. जरा वाकलीय वाफेने."

येतंय ना लक्षात तुमच्या? म्हणजे मी कानांत बोळे घालून, पलंगाखाली शिरून, दातांनी, चोरून काय ऐकलं? भजन! आणि भजनाला तेरा दिवसांत बंदी होती कुठे? माईंच्या खोलीत रोज संध्याकाळी तेच तर चालायचं. दार सताड उघडं टाकून मोठ्याने लावलं असतं, तरी चाळीने मला नावाजलं असतं.

तबकडी वाजत होती आणि माई उंबऱ्यात डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती. "असंच," त्या म्हणाल्या, "असंच पलंगाच्या कडेवर वाजवायचे ते." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या मोकळेपणाने रडल्या. काशीताईंनी त्यांना जवळ घेतलं. मला तिथून उठून कुठेतरी निघून जावंसं वाटत होतं.

पण भाऊ! भाऊंचे डोळे पाण्याने भरले होते. ते उठले आणि त्यांनी मला कवटाळलं. "लय चढली म्हणान पाय हलले? भजनाक? अरे, ह्येका फिट म्हणतत? ह्येका भक्ती म्हणतत!"

"अहो भाऊ, पण मी रॉक अँड रोल समजून..."

"लाजतास कित्याक? भक्ती लपवची नसता!"

मी तीन वेळा समजावलं. आई गालातल्या गालात हसत होती, चाळ माना डोलवत होती, आणि भाऊ काही केल्या ऐकेनात. दुपारपर्यंत चाळीत पसरलं, की वसंताला फिट नव्हती, देहभान हरपलं होतं. काशीताई तर माझ्या पाया पडायला आल्या! फक्त कमल ओठ घट्ट दाबून खिडकीबाहेर बघत उभी होती, आणि तिचे खांदे हलत होते.

लग्न माघातच झालं. लग्नात फर्नांडिस आला, सुटाबुटात. भोळा माणूस. त्याने कमलच्या हातात एक पाकीट दिलं. "आपके हजबंडचं हँडरायटिंग बघा, किती मस्त. म्हणून मी सांभाळून ठेवलं होतं." आत काय होतं, सांगायला नको. यादी! कमलने ती शालूच्या घडीत लपवून वाचली आणि तिला असा ठसका लागला, की भटजींना मंगलाष्टकं थांबवावी लागली.

तर असं. चाळीस वर्षं झाली त्याला. मुंबई महाराष्ट्रात आली, ट्राम गेल्या, फर्नांडिस मुलाकडे परदेशी गेला. त्या पाचव्या तबकडीत काय होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. भाऊंनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच गुरुवारी भजनी मंडळात बसवलं. ते गेले, आणि जाताना आपली झांज माझ्या हातात देऊन गेले. त्यामुळे दर गुरुवारी मी वाजवतो. म्हणजे, वाजवायचा प्रयत्न करतो. लय चढायला लागली की माझी झांज हमखास चुकते. हल्लीचे बुवा सभ्य आहेत. ते मला मागच्या रांगेत, खांबाच्या आड बसवतात आणि म्हणतात, "काका, तुम्ही हळू वाजवा. किंवा नुसत्या टाळ्या धरा."

बायको मात्र सभ्य नाही. ती यादी अजून तिच्या ट्रंकेत आहे. दर गुरुवारी मी पिशवीत झांज घालून निघालो की ती दारापर्यंत येते, चप्पल पुढे सरकवते आणि म्हणते, "जा. आणि चुकलात तर वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही लिहिलेल्या शंभर वर्षांतली अजून साठ शिल्लक आहेत."